आंडेर

मरायच्या आधी आवडाबाईनं तीन दिवस एकच शब्द धरला होता. "आंडेर पायजे," एवढंच म्हणायची. तिच्या नवऱ्याला, बद्रीनाथला, वाटलं, तिच्या गावाकडची एखादी मुळी असेल. औरंगाबादच्या गुलमंडीवरचे सगळे काष्ठौषधीवाले त्यानं पालथे घातले. आंडेर कोणाकडेच नव्हती. तो घरी आला तेव्हा बाईनं डोळे मिटले होते.

तेरावा झाल्यावर तिची लुगडी माहेरी द्यायला तो सोयगावला गेला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण या घरात तो पहिल्यांदाच आला होता. दरवर्षी आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या माहेरपणाला, ती एकटीच यायची.

तिची भावजय साळूबाई हिच्यापाशी त्यानं तो शब्द काढला.

"अगंबाई! दाजी, शहरात राहून येवढं ठावं नाय? आंडेर म्हंजी लेक," साळूबाई म्हणाली. "तापीकडची बोली. माझं माहेर तिकडचं, अन् आवडावन्सचं पयलं सासरबी तिकडचंच. माझी आजी म्हणायची, अंडातली ती आंडेर. खरं-खोटं देवाला ठावं."

बद्रीनाथ कसनुसा हसला. "आम्हाला कुठली लेक?"

साळूबाईचा चेहरा उतरला.

"दाजी, तुमाला खरंच ठावं नाय?"

आवडाबाईचा पहिला नवरा पोलीस ॲक्शनच्या साली पटकीनं गेला, हे बद्रीनाथला ठाऊक होतं. तेव्हा तिच्या कडेवर सहा महिन्यांची पोर होती, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? पाटाच्या, तिच्या दुसऱ्या लग्नाच्या, बोलण्यांत त्यानंच मध्यस्थाला बजावलं होतं, "बाई चालंल, मागं लेकरू नको." भावानं पोर ठेवून घेतली आणि बाई औरंगाबादला आली. साऱ्या गावाला माहीत होतं. आता आवडाबाईचं सुतक या घरानं पाळलं, तेही साऱ्या गावानं पाहिलं होतं.

"अन् आता कुठंय ती?"

साळूबाईनं दाराकडं पाहिलं. तिशीतली एक बाई गोठ्यातून हात पुसत आली होती. तेच कपाळ, डाव्या भुवईची तीच ठेवण.

"ही चतुरा," साळूबाई म्हणाली.

चतुरानं त्याला रामराम केला नाही. "आईनं मला बोलावलं व्हतं का?"

"बोलावलं. तीन दिवस बोलावत होती."

"मग निरोप का नाय धाडला?"

बद्रीनाथला खोटं बोलता आलं असतं. बाई बेशुद्ध होती, म्हणता आलं असतं.

"तू आहेस हेच मला ठाऊक नव्हतं, पोरी," तो म्हणाला. "अन् ते माझ्यामुळंच."

चतुरा उंबऱ्यातच बसली. तिनं पदर तोंडात कोंबला, तरी आवाज बाहेर आलाच.