लेक दिसली की मनात मोजा

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. उन्हात घालायची नव्हे, आणि मिरवायची तर मुळीच नव्हे. माझ्या ताणणाऱ्या कापडावर छोट्या छोट्या गोल चकत्या बसवलेल्या आहेत. प्रत्येक चकतीतून एक बारीक तार निघते, साऱ्या तारांची मागे वेणी होते आणि ती वेणी यंत्राला जोडतात. माणसाचा मेंदू कामाला लागला की कवटीबाहेर विजेची फार हलकी थरथर येते. ती मी टिपते आणि यंत्राला सांगते. कोणी काय विचार करतंय ते मला कळत नाही, बरं का. समोर दिसणाऱ्या गोष्टीत त्याचं मन आहे की नाही, याचा मागमूस तेवढा लागतो.

मला एका बाईनं शिवलं. शिवताना ती स्वतःशीच गुणगुणायची:

टाका घालते टाक्याला, दोरा ओढते जपून
कोणाच्या गं कपाळीचं, तू ऐकशील लपून?

तेव्हापासून मी कपाळंच ऐकत आले. माझ्या उमेदीच्या काळात विद्यार्थी यायचे, पडद्याकडे टक लावून बसायचे आणि मध्येच पेंगायचे. "हिच्यात जरासुद्धा खरखर येत नाही," असं माझं कौतुक व्हायचं. मग एक बिनतारेची नवी टोपी आली. मला धुवायचं राहून गेलं, चकत्या डोक्याला नीट टेकाव्यात म्हणून भरतात तो लेप वाळून कडक झाला, आणि मी कपाटाच्या खालच्या खणात जाऊन पडले.

एके दिवशी खण उघडला. एका आजारी बाईंना नवी टोपी घट्ट होत होती, म्हणून तंत्रज्ञ मुलीनं मला कोमट पाण्यात भिजवलं, मऊ ब्रशनं चकत्या साफ केल्या आणि त्यांच्या खोलीत नेलं.

त्या बाई घड्याळं दुरुस्त करायच्या. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून त्या हलत नव्हत्या, बोलत नव्हत्या. डोळे उघडे असायचे, पण "इकडे बघा" म्हटलं तरी वळायचे नाहीत. आत कोणी जागं आहे का, हाच प्रश्न होता. आजच्या तपासणीतही काही दिसलं नाही, तर उद्या सकाळी त्यांना दूरच्या शुश्रूषागृहात हलवायचं ठरलं होतं. तिथे खाऊपिऊ घालणार, कूस बदलणार. शिकवणं, बोलतं करायचा प्रयत्न, सगळं बंद.

उशाशी त्यांची लेक बसली होती, पर्स पोटाशी घट्ट धरून. खिडकीपाशी बाईंचा धाकटा भाऊ होता, म्हणजे लेकीचा मामा.

"ताई, टोपी छान दिसतेय हं," मामा म्हणाला. "फक्त वेणी कुणीतरी दुसऱ्याच जनावराची लावलीय."

कोणी हसलं नाही. तोही नाही.

डॉक्टरबाईंनी बाईंच्या कानाशी वाकून सांगितलं, "पडद्यावर चेहरे येतील. सगळे अनोळखी. मध्येच तुमची लेक येईल. ती दिसली की मनात मोजा. बाकी काही करायचं नाही."

मन लावून मोजलं, की ज्याची वाट पाहतोय तो चेहरा दिसताच मेंदूत एक लाट उठते. क्षणाच्याही आत. एका लाटेवर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून चेहरे पुन्हा पुन्हा दाखवतात आणि साऱ्या लाटांची मिळून एक रेघ काढतात.

चेहरे सरकू लागले. मी कान टवकारले. लेक आली, गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. रेघ निघाली ती सपाट.

"टोपीच जुनी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तार तुटली असेल."

तंत्रज्ञ मुलीनं एकेक चकती तपासली. तेवढ्यात बाईंची पापणी आपसूक लवली आणि यंत्रावर मोठा उंचवटा उमटला. "नाही डॉक्टर. टोपी ठणठणीत आहे."

माझ्यावरचा आळ गेला, मित्रांनो, आणि मला वाईट वाटलं. कारण मी ठणठणीत असेन, तर ती सपाट रेघ बाईंची होती.

पण मला एक गोष्ट ठाऊक होती. बाईंच्या दोन्ही कानांच्या वर, माझा काठ टेकतो तिथे, एक लहानशी खाच होती. वर्षानुवर्षं काहीतरी तिथे टेकून राहिलं होतं आणि आता नव्हतं. अशा खाचा मी पुष्कळ डोक्यांवर पाहिल्यात. सांगावंसं वाटत होतं, पण माझ्या वेणीतून फक्त मेंदूची थरथर जाते, माझं स्वतःचं काही जात नाही.

डॉक्टरांनी यंत्राच्या बटणाकडे हात नेला. "थांबूया आता. मला माफ करा."

लेकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. रुमालासाठी तिनं पर्स उघडली, तर आधी हाताला लागली एक चपटी डबी. ती तिनं मांडीवर ठेवली.

"हे काय गं, ठमे?" मामानं विचारलं.

"आईचा चष्मा. असू दे जवळ."

"अगं, तो काय पर्सला घालायचाय? चष्म्याशिवाय ताई समोरून मी आलो तरी 'कोण पाहिजे आपल्याला?' म्हणायची."

डॉक्टरांचा हात बटणावर तसाच राहिला. "नंबर किती आहे त्यांचा?"

"खूप मोठा. घड्याळ नाकाशी धरूनच दुरुस्त करायची. लांबचं सगळं धुकं," लेक म्हणाली.

बटणावरचा हात मागे आला. मग डॉक्टर हळूच म्हणाल्या, "हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं."

चष्म्यावर धूळ बसली होती. लेकीनं रुमालानं काचा पुसल्या. तंत्रज्ञ मुलीनं चष्म्याच्या काड्या माझ्या काठाखालून सरकवल्या आणि त्या आपल्या जुन्या खाचांत जाऊन बसल्या, घरी आल्यासारख्या.

पुन्हा चेहरे सरकू लागले. लेक आली.

ती लाट मी साऱ्यांच्या आधी टिपली. पुढच्या वेळी पुन्हा आली. मग पुन्हा. यंत्रावरची रेघ वर चढली, आणि मामानं खिडकीचा गज घट्ट धरला.

"घाई नको," डॉक्टर म्हणाल्या. "आपलं माणूस दिसलं की मेंदू आपोआपही चमकतो. त्या ऐकून, ठरवून करतायत का, ते बघू." त्या पुन्हा कानाशी वाकल्या. "आता लेकीकडे लक्ष द्यायचं नाही. त्या अनोळखी चेहऱ्यांतल्या मिशीवाल्या माणसाला मोजा."

"कोण हा मिशीवाला?" मामा पुटपुटला.

लेक पडद्याकडे बघत राहिली. आईनं आपल्याला विसरावं, याची वाट बघत बसणं काय असतं ते मी तिच्या श्वासावरून ओळखलं. चेहरे गेले. मिशीवाला आला. लेक आली. मिशीवाला आला.

मग मिशीवाल्याची लाट उठली, उंच, अगदी स्वच्छ. आणि लेकीची बसली.

"त्या ऐकतायत," डॉक्टर म्हणाल्या. "उद्याची गाडी रद्द करा."

आईनं आपल्याकडे दुर्लक्ष केलं म्हणून हसता हसता रडणारी लेक मी पहिल्यांदाच पाहिली. तिनं रेघेवर बोट ठेवून विचारलं, "माझी लाट पार गेली का हो?"

डॉक्टरांनी नीट निरखून पाहिलं. "नाही. थोडी राहिलीय. सांगूनसुद्धा पूर्ण जात नाहीये."

मित्रांनो, आता मी कपाटात नसते, खुंटीवर असते. काम झालं की मला धुवा, तारा ओढू नका, एवढंच माझं मागणं. आणि कोणी तुमच्याकडे बघत नाही, ऐकत नाही असं वाटलं, तर रागावण्याआधी त्याच्याजवळ जा. बघा, त्याचं काही तुमच्याच पर्समध्ये तर राहून गेलेलं नाही ना. त्या खोलीत आता रोज सकाळी आधी चष्मा पुसतात. मग मला घालतात. मग लेक पडदा बाजूला सारते आणि स्वतःच आईच्या समोर येऊन बसते.