“आईने दार उघडले”

मी एक जुने कुलूप आहे. जुने म्हणजे किती, तर साडेतीन वर्षांचे. हसू नका, मित्रांनो. साधे पितळी कुलूप पन्नास वर्षांचे झाले तरी ‘अजून चालते’ म्हणून मिरवते. आमच्या जातीत मात्र तीन वर्षे झाली की म्हातारपण लागते. माझ्या पोटात चार सेल बसतात आणि तोंडावर शून्य ते नऊ आकडे आहेत. ठरलेले चार आकडे दाबले की दार उघडते, आणि कुणी उघडले ते मी दूर कुठेतरी असलेल्या फोनवर कळवते. म्हणून मला हुशार कुलूप म्हणत. सध्या हे हुशार कुलूप कॅनडातल्या विनिपेगच्या उत्तर भागातल्या एका स्वयंपाकघराच्या खालच्या खणात, रबरबँड आणि संपलेल्या सेलांच्या संगतीत पडून आहे. त्याचे मला दुःख नाही. मला माणसांचा वीट आला आहे, आणि तो का आला हेच सांगायला मी तोंड उघडले आहे.

कारखान्यात माझी परीक्षा झाली तेव्हा एका यंत्राच्या बोटाने माझे आकडे हजारो वेळा दाबले. ते बोट कोरडे आणि स्वच्छ होते. बोट म्हणजे असेच असते, असा माझा समज झाला. दुकानाच्या फळीवर आले आणि पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाईकाने डोनट खाता खाता मला चाचपून पाहिले. साखर माझ्या सातावर कितीतरी दिवस चिकटून होती.

मला विकत घेतले ते डार्लीनने. ती राहते कॅल्गरीला, विमानाने दोन तासांवर. तिची आई, स्टेफानिया हाव्रिलुक, एक्याऐंशी वर्षांची, विनिपेगच्या जुन्या घरात एकटी राहते. तीस वर्षे कोट शिवण्याच्या कारखान्यात काम केलेली ही बाई. आपले शिलाईयंत्र आपणच खोलून दुरुस्त करायची. गुडघे गेले होते आणि कान जरा गेले होते, डोके मात्र शाबूत होते. डार्लीन तिला वृद्धनिवासात ठेवायला निघाली होती आणि म्हातारी घर सोडायला तयार नव्हती. शेवटी दोघींत ठरले, की एक हिवाळा बघायचे. सगळे नीट पार पडले तर आई घरातच राहील, नाही तर वसंतात खोली घ्यायची. त्या एका हिवाळ्यावर नजर ठेवायला मला आणले गेले.

दुकानात डार्लीन आणि तिचा नवरा वेस माझ्यासमोर अर्धा तास उभे होते. आईही होती, कोट घालून, पाकीट छातीशी धरून. तिला कुणी काही विचारत नव्हते.

“बोटाच्या ठशाचं घेऊया का?” डार्लीन म्हणाली.

“उणे तीसमध्ये बोट बाहेर काढून ठसा लागेपर्यंत बोटच गळून पडेल,” वेस म्हणाला. “आकड्यांचं बरं.”

“सुरक्षित आहे ना पण?”

“अगं, यात तीस माणसांना तीस वेगळे आकडे देता येतात. कोण कधी आलं, सगळं फोनवर दिसतं.”

“तीस आकडे कोण सांभाळणार? एकच ठेवू. सगळ्यांना सोपं.”

“मला चावी चालते,” आई म्हणाली. “चाळीस वर्षांत एकदाही हरवली नाही.”

“हरवल्यावर काय करणार, आई?” डार्लीन म्हणाली, आणि मला गाडीत टाकले.

तीस वेगळे आकडे ठेवण्याची सोय माझ्यात होती. ती वापरली असती तर सोयही झाली असती आणि कोण आले तेही कळले असते. पण दहा मिनिटांचा आळस आडवा आला. डार्लीनने एकच आकडा भरला, त्याला ‘आई’ असे नाव दिले आणि काम संपवले.

आकडा तरी कोणता? शून्य, एक, शून्य, सात. सात जानेवारी, म्हणजे यांच्यासारख्या युक्रेनी घरांतला, जुन्या पंचांगाचा ख्रिसमस. आजोबा-पणजोबांच्या काळापासून जपलेला दिवस, कधी विसरायचा नाही, म्हणून तोच. आता यांच्या युक्रेनी चर्चच्या मंडळींपैकी निम्म्या लोकांच्या दारांना, गॅरेजांना आणि फोनांनाही हाच आकडा आहे. चोराने एका रविवारी प्रार्थनेला जाऊन बसावे आणि सोमवारी अख्खी वस्ती उघडून पाहावी, इतके सोपे. तरी हे लोक एकमेकांना आपला आकडा कानात सांगत.

मग सगळ्यांची बोटे सुरू झाली. विनिपेगच्या हिवाळ्यात हातमोजा हाताने कुणी काढत नाही. दातांनी टोक धरायचे, ओढायचे, मोजा तोंडातच लोंबत ठेवायचा आणि त्या ओल्या बोटाने मला दाबायचे. त्याच बोटाने आधी नाक पुसलेले असायचे. बर्फ काढणारा, आईला आंघोळ घालायला येणारी परिचारिका, औषधे आणून देणारा, समोरच्या घरातली बाई, सगळ्यांनी एकच आकडा दाबला. लाळ, शेंबूड आणि परतलेल्या कांद्याचे लोणी माझ्या तोंडावर गोठत गेले. मला कुणी एकदाही पुसले नाही. दोन महिन्यांत शून्य, एक आणि सात गुळगुळीत झाले, बाकीचे सात आकडे कोरे करकरीत राहिले. कोणते आकडे दाबायचे हे रस्त्यावरच्या परक्यालाही दिसत होते. मला माझीच शिसारी येऊ लागली.

ख्रिसमसच्या आधी चर्चच्या तळघरात पेरोगींची घाई उडाली. पेरोगी म्हणजे बटाटा भरून उकडायच्या करंज्या. बाया शेकडो करतात, गोठवतात आणि विकून चर्चचे छप्पर दुरुस्त करतात. या बायांची पुढारी नेटी प्रोकोपचुक. चर्चचा फ्रीझर भरला, तेव्हा तिने स्टेफानियाच्या तळघरातला मोठा फ्रीझर मागितला. “ठेव की, रिकामाच आहे,” म्हातारी म्हणाली. ख्रिसमस झाला की पिशव्या जातील, असा तिचा समज. गुडघ्यांमुळे ती शरदापासून तळघरात उतरलेली नव्हती. आकडा नेटीला डार्लीननेच फोनवर कळवला होता, आणि कळवून ती विसरली होती.

पिशव्या गेल्या नाहीत, उलट वाढल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी चर्चमध्ये विक्री असे आणि पाणी सहाला उकळायला ठेवावे लागे. म्हणून त्या दोन दिवशी पहाटे पाच चाळीसला नेटी यायची, आकडा दाबायची, बर्फाच्या बुटांनिशी तळघरात उतरायची आणि दोन खोके घेऊन निघून जायची. झोपलेल्या माणसाच्या घराची बेल वाजवणे या बायांत फार वाईट समजतात. आई कानातले यंत्र काढून झोपे, तिला काही ऐकू येत नसे. आणि कॅल्गरीला, जिथे तेव्हा पाचला वीस कमी असत, डार्लीनचा फोन गुरगुरत असे. त्यावर लिहिलेले असे, ‘आईने दार उघडले.’

ते मी लिहीत होते. मला माणसे कळत नाहीत, आकडे कळतात.

डार्लीन दुष्ट नव्हती हे मला मान्य आहे. बाहेर उणे बत्तीस, आणि एक्याऐंशी वर्षांची आई झोपेच्या कपड्यांत दाराबाहेर, हे चित्र अंथरुणात पडल्या पडल्या डोळ्यांपुढे आले तर कुणाचेही काळीज फाटेल. पण बाहेरून आकडा दाबून आत येणाऱ्या बाईला त्याआधी बाहेर जावे लागते. दार आतून उघडल्याची नोंद आधी हवी होती. ती नव्हती, नंतर होती, नेटी खोके घेऊन निघाली तेव्हाची. फोनवर सगळे होते, खाली सरकवून बघायचे कष्ट तिने घेतले नाहीत.

माझ्या शेजारीच भिंतीवर घरचा फोन होता. आईला कमी ऐकू येई म्हणून तो मोठ्याने बोलायचा.

“आई, आज पहाटे कुठे गेली होतीस?”

“कुठे जाणार? झोपले होते.”

“पाच चाळीसला दार उघडलंय.”

“मग दाराला विचार. मी झोपले होते.”

“आई, मशीन खोटं बोलत नाही.”

“आणि मी बोलते?”

डार्लीन हळू म्हणाली, “खोटं नाही गं. तुझ्या लक्षात राहत नसेल.”

पहिले दोन-तीन आठवडे म्हातारी ठसक्यात उत्तरे देत होती. “हो, नाचायला गेले होते,” असेही एकदा म्हणाली. पण एका शुक्रवारी सकाळी ती दाराशी आली आणि पायपुसणे ओले दिसले. तिने वाकून आपले बूट चाचपले. बूट कोरडे होते. ती तशीच भिंत धरून उभी राहिली. मग खुर्ची ओढून बसली, मोजे काढले आणि आपले तळवे उजेडात धरून पाहू लागली. आपण अनवाणीच बर्फात गेलो की काय, अशी शंका तिला आली होती. त्यानंतर दर सकाळी ती पाय तपासायची. फोनवर ‘झोपले होते’ म्हणणे तिने सोडून दिले. “असेल बाई,” म्हणायची.

मित्रांनो, मी इतकी घाण बोटे सोसली, पण ते ‘असेल बाई’ मला सोसवले नाही.

फेब्रुवारीत एका गुरुवारी डार्लीन वृद्धनिवासाचा अर्ज घेऊन आली. रात्रीचे जेवण झाल्यावर तिने तो टेबलावर ठेवला. स्वयंपाकघर दारातून सरळ दिसते.

“कुणी घाई करत नाहीये, आई.”

“करू दे की घाई. उद्या मी बर्फात सापडले तर तुलाच यावं लागेल.” आईने अर्ज उलटा करून ठेवला. “सकाळी सही करते. आता अक्षरं दिसत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी डार्लीन पाचलाच उठून कॉफी करत बसली होती. पाच चाळीसला तिच्या हातातला फोन गुरगुरला, ‘आईने दार उघडले.’ ती धडपडत आईच्या खोलीकडे धावली. आई पांघरुणात घोरत होती. डार्लीन वळली, तेव्हा दार उघडत होते आणि तोंडात हातमोजा धरलेली नेटी बूट आपटत आत येत होती.

“अगं डार्लीन?” नेटीने मोजा तोंडातून काढला. “कधी आलीस? हळू बोल, आई उठेल.”

“तुम्ही इथे काय करताय, नेटीमावशी?”

“पेरोगी न्यायला आले. शुक्रवार ना आज.”

“आकडा कुणी दिला तुम्हाला?”

“कुणी म्हणजे? तूच तर कळवलास ख्रिसमसला. आणि नसता कळवलास तरी काय, आमच्या दाराला तोच आहे.”

“रोज येता?”

“रोज कशाला? मंगळवारी आणि शुक्रवारी. झोप मोडू नये म्हणून बेलसुद्धा वाजवत नाही आम्ही.” हे तिने अभिमानाने सांगितले.

डार्लीनच्या आवाजाने नाही, दिव्याच्या उजेडाने आई जागी झाली. कानातले यंत्र लावत ती बाहेर आली. तिने नेटीकडे पाहिले, मग नेटीच्या बुटांखालच्या पाण्याकडे पाहिले.

“पायपुसणं तू ओलं करत होतीस?”

“पुसून जायला हवं होतं, स्टेफा. चुकलं.”

“महिनाभर मी माझे पाय तपासतेय, नेटी.”

नेटीला यातले काही समजले नाही. डार्लीनला समजले. ती घाईघाईने बोलू लागली, “आई, मी आत्ताच नीट करते सगळं. प्रत्येकीला वेगळा आकडा देते. नेटीमावशींचा वेगळा, परिचारिकेचा वेगळा. मग असं होणारच नाही.”

“मी झोपले होते म्हणाले होते तुला,” आई म्हणाली. “किती वेळा म्हणाले?”

आईने ड्रॉवरमधून पेचकस काढला, खुर्ची दाराशी ओढली आणि माझे स्क्रू सोडवायला बसली. तिची बोटे कोरडी आणि स्वच्छ होती. साडेतीन महिन्यांत अशी बोटे मला पहिल्यांदा लागली, तीही मला उपटून काढायला.

“दुकान उघडलं की चावीचं साधं कुलूप आणू,” ती म्हणाली. “एक चावी मला, एक तुला.”

“आणि मी?” नेटी म्हणाली.

“तू बेल वाजव.”

“पण तू आत पडलीस तर, आई?” डार्लीन म्हणाली. “मी कॅल्गरीला, चावी कॅल्गरीला. तुला उचलायला आत कोण येणार?”

“दार फोडा,” आई म्हणाली. “दार नवं मिळतं.”

त्याला तीन वर्षे झाली. दार फोडावे लागलेले नाही. उद्या लागणारच नाही असे मी म्हणत नाही. म्हातारीला ते ठाऊक आहे आणि तिने ते पत्करले आहे. अर्ज कधीच कचऱ्यात गेला. माझे सेल काढून रेडिओत घातले, तो मस्त चालला.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारखे कुलूप घ्यायचे असेल तर खुशाल घ्या. पण ज्याच्या दाराला लावायचे त्याला आधी विचारा, आळस सोडून माणसागणिक आकडा ठेवा आणि अधूनमधून आमचे तोंड पुसा. मंगळवारी आणि शुक्रवारी इथे पहाटे बेल वाजते. त्या दोन रात्री म्हातारी कानातले यंत्र लावूनच झोपते. ती सावकाश उठते, भिंत धरत दाराशी येते आणि नेटी बाहेर कितीही कुडकुडत असली तरी आधी विचारते, “कोण आहे?” हे दोन शब्द मला कधी विचारता आले नाहीत, आणि ज्यांना येत होते त्यांनी विचारले नाहीत. तुम्ही विचारत जा.