टीव्हीच्या मागे

“दुरुस्तीवाला आहे. टीव्ही बघायला बोलावला होता,” लिफ्टवाले खोलीतल्या मंडळींना म्हणाले आणि जेमतेम एक माणूस आत येईल एवढंच दार त्यांनी उघडलं.

दारातला माणूस त्यांचा मुलगा होता. एकुलता एक.

खोलीत दाटीवाटीने मंडळी बसली होती. पलंगावर इस्पितळातल्या मोठ्या नर्सबाई, त्यांच्या शेजारी कचेरीतले कारकून, आणि खाली पाय पसरून जिन्यालगतच्या खोलीत नुकतीच राहायला आलेली मावशी. सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे, आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या. मालिका सुरू व्हायच्या वेळेलाच चित्र गेलं होतं, त्यामुळे दारात कोण आलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. देवच धावून आला, एवढं मावशी म्हणाली.

मुलाने वडिलांकडे पाहिलं. हाक मारायला उघडलेलं तोंड त्याने मिटलं. खांद्यावरची पिशवी दाराआड ठेवली, चपला काढल्या आणि विचारलं, “कुठाय टीव्ही?”

लाज माणसाच्या अंगात कुठे राहते, देव जाणे. लिफ्टवाल्यांची त्या घटकेला कानात येऊन बसली. कान असे तापले की पुढचा काही वेळ त्यांना नीट ऐकूच आलं नाही.

इस्पितळाची लिफ्ट चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. जाळीचं दार ओढायचं, बटण दाबायचं. स्ट्रेचर आधी, डॉक्टर मागून, नातेवाईक राहिले तर शेवटी. जन्मभर वर-खाली केलं पण पोचलो कुठेच नाही, असं ते स्वतःच हसत सांगत. त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. “लिफ्ट!” एवढंच ओरडायचे, आणि हे “आलो, आलो” म्हणायचे. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नव्हता. निदान ती मालिका येईपर्यंत तरी नाही.

मालिका एका बड्या गायकाची होती. लाखो लोक त्याच्यावर जीव टाकतात, पण तो आला कुठून, त्याचे आईबाप कोण, कुणालाच ठाऊक नाही. जे केलं ते स्वतःच्या हिमतीवर, असं तो सांगतो. रोज सुरुवातीला पाटी यायची, की गोष्ट खऱ्या माणसाची आहे, त्याच्या विनंतीवरून नाव बदललेलं आहे. आणि एके दिवशी मालिकेने दाखवलं, की त्याचा बाप हॉटेलात लिफ्ट चालवायचा. बापाशी भांडून पोरगा घराबाहेर पडला, तो परत फिरकला नाही.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नर्सबाईंनी विचारलं, काय हो, तुमचाही मुलगा असाच गेला ना, असतो कुठे तो? खरं सांगायचं तर मुलगा दूरच्या गावी बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलत होता. पण ते सांगायला लिफ्टवाल्यांची जीभ वळेना. ते म्हणाले, “काही गोष्टी बोलायच्या नसतात, बाई.”

झालं. लिफ्ट वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत नर्सबाईंची खात्री पटली होती, की तो गायक यांचाच मुलगा, आणि संध्याकाळपर्यंत इस्पितळाची.

मी कुठे हो म्हणालो, असं ते रोज देवापुढे हात जोडून सांगत. पण नाही तरी कुठे म्हणाले होते? डॉक्टर आता त्यांना ‘कसे आहात’ विचारत आणि उत्तर ऐकायला थांबत. कँटीनवाला फडक्याने खुर्ची पुसून देई. कारकुनांनी आपल्या मुलीच्या गाण्याबद्दल शब्द टाकायची गळ घातली, तेव्हा हे बघू म्हणाले. गोड लागतं हो असलं. एकदा चाखलं की सुटत नाही.

बायको मात्र घरी बोलली होती. “आपल्या पोराच्या अंगावर दुसऱ्याचं कातडं चढवताय तुम्ही. उद्या तोच दारात उभा राहिला म्हणजे?”

“येतोय कशाला तो,” असं म्हणून त्यांनी विषय उडवून लावला होता.

आणि आता तो टीव्हीमागे उकिडवा बसला होता. हत्यारं नाही का आणलीस, असं मावशीने विचारलंच. आधी बघून घेतो, लागली तर आणतो, असं तो शांतपणे म्हणाला. त्याला टीव्हीतलं ओ की ठो कळत नव्हतं. हाताला आली ती वायर त्याने दाबून धरली, आणि मुंग्या नाहीशा होऊन लख्ख चित्र आलं. सोडली, तर गेलं. पिन ढिली झाली होती.

“धर, धर! तसंच धर,” कारकून ओरडले. “आता सोडलीस तर तुला घरी जाऊ देत नाही, बघ.”

सगळे हसले. लिफ्टवालेही हसले.

मालिका सुरू झाली. टीव्हीच्या सगळ्यात जवळ, मानाच्या खुर्चीत लिफ्टवाले. तिथून त्यांना पडद्यावरचा गायक दिसत होता, आणि टीव्हीच्या टेबलाखालून मुलाच्या टाचाही दिसत होत्या. बर्फाच्या थंड ओलाव्यात राबून त्या उभ्याआडव्या फुटल्या होत्या. पडद्यावर मुलाखत घेणारी बाई विचारत होती, तुम्हाला घडवलं कुणी? गायक म्हणाला, मला कुणी घडवलं नाही, मला बाप नव्हता.

नर्सबाई पुढे वाकून कुजबुजल्या, की मनाला लावून घेऊ नका, मोठ्या माणसांना असं बोलावं लागतं. लिफ्टवाल्यांनी मान हलवली. देवा, वीज जाऊ दे, ते मनात म्हणत होते. सगळ्या गावाची जाऊ दे. पण वीज काही गेली नाही.

इतका वेळ बायको आत चहा करत होती. ती ट्रे घेऊन बाहेर आली आणि जागच्या जागी थबकली. टीव्हीमागून डोकावणारं ते डोकं तिने ओळखलं. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. ट्रे कारकुनांच्या हातात दिला, आणि भिंत आणि टेबल यांच्यामधल्या सांदीत शिरून मुलाशेजारी जमिनीवर बसली.

“अहो, तिकडून काय दिसणार तुम्हाला?” मावशी म्हणाली.

“मला दिसतंय,” ती म्हणाली.

पडद्यावर गाणं सुरू झालं होतं, त्यामुळे मागचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही. लिफ्टवाल्यांना मात्र शब्द न् शब्द ऐकू आला.

“मुलगी झाली, आई. म्हटलं तुम्हा दोघांना समोर येऊन सांगावं.”

आईचा हात त्याच्या पाठीवरून फिरताना दिसला.

लिफ्टवाले उठले. बाजूला व्हा हो, दिसत नाही, असं मागून कुणीतरी म्हणालं. ते टेबलाला वळसा घालून गेले आणि त्यांनी हात पुढे केला. “दे. मी धरतो.”

मुलाने वर पाहिलं. “राहू द्या, काका. हललं की चित्र जातं.”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. कुणा अनोळखी वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तसं अदबीने तो बोलला, आणि तेच त्यांच्या काळजात रुतलं. पुढे केलेला हात कुठे न्यावा, त्यांना कळेना. कान पुन्हा पेटले. मागे रिकामी खुर्ची होती, तीन पावलांवर. जाऊन बसलं असतं तर कुणाला काहीच कळलं नसतं.

“अहो, तिकडे कुठे निघालात ऐन रंगात?” नर्सबाईंनी विचारलं.

“मुलापाशी बसतो,” लिफ्टवाले म्हणाले.

आवाज इतका खाली गेला होता, की त्यांना ते परत एकदा म्हणावं लागलं. चहाचा घोट घेता घेता कारकुनांचा कप अर्ध्यावरच थांबला. पडद्यावर गायकावर फुलं उधळली जात होती, पण तिकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं.

भिंतीला हात टेकत लिफ्टवाले त्या सांदीत खाली बसले. जागा पुरेना. मुलाची नजर वायरवरच होती. त्याने मान वळवली नाही, फक्त आपला गुडघा थोडा आत घेतला. चित्र हललं नाही.