बशीरच्या शब्दावर

श्यामची तेरवी झाली तरी मी त्याच्या गावी, नांदगाव खंडेश्वरला, गेलो नाही. सोळाव्या दिवशी गेलो. उशीर का केला म्हणाल, तर जायला तोंड नव्हतं, दुसरं काय.

आमचं काम रस्ता न फोडता त्याच्या खालून पाइप नेण्याचं. रस्त्याच्या एका कडेला मशीन. त्यावर बसलेला श्याम जमिनीत आडवे रॉड घुसवायचा, पण पुढचं टोक कुठे चाललंय हे त्याला दिसायचं नाही. मी हातात यंत्र धरून वरून चालायचो आणि वॉकीटॉकीवर सांगायचो, दीड मीटर खोल आहे, थोडं डावीकडे घे. तो घ्यायचा. अकोला, अमरावती, तिवसा, आठ वर्षं हेच. मी भलतंच काही सांगितलं असतं तर त्याने एखाद्याच्या स्वयंपाकघरात टोक काढलं असतं. "बशीरभाऊ, तुमी म्हणसान तिकडं," म्हणायचा आणि दात काढायचा.

नव्या पोरांना पहिला नियम मीच शिकवायचो. खाली विजेची केबल लागली, भोंगा वाजला, तर मशीनवरच्या माणसाने उतरायचं नाही. मशीनच्या लोखंडात वीज आलेली असते. वीज बंद होईपर्यंत वर बसून राहिला तर वाचतो. हात लोखंडाला आणि पाय जमिनीला टेकला की संपलं.

त्या दुपारी अकोल्यात नकाशात नसलेली केबल लागली. भोंगा वाजला, धूर निघाला. आणि नियम शिकवणारा मी शहाणा, घाबरून वॉकीटॉकीत ओरडलो, "श्याम, उतर! उतर लवकर!"

तो उतरला.

भोंग्याच्या आवाजात माझं ओरडणं दुसऱ्या कोणी ऐकलं नव्हतं. चौकशीच्या कागदावर आलं, ऑपरेटर नियम मोडून खाली उतरला. मी त्याखाली साक्षीदार म्हणून सही केली. भेकडासारखी, मुकाट्याने.

श्यामची आई, मनकर्णाकाकू, ओट्यावर तुरीची डाळ निवडत होत्या.

"ये बशीर. जेवला का?"

"हो काकू," मी खोटंच म्हणालो.

"साहेब येऊन गेले. नियम सांगितला होता म्हणे, त्यानं ऐकला नाही." त्यांनी सूप जोरात आपटलं. "मले मालूमच होतं. शाळेत जाय म्हटलं तं वावरात पळे. लगन कर म्हटलं तं मशीनवर जाऊन बसला. बापाचं ऐकलं नाही, मायं ऐकलं नाही. जीवावर आलं तवाबी नाही ऐकलं!"

त्या रडत नव्हत्या, चिडल्या होत्या. मेलेल्या लेकरावर आई अशी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. तो राग माझ्या वाटणीचा होता आणि जात होता श्यामकडे. मला ते सोसलं नाही.

"काकू, त्यानं नियम नाही मोडला. मीच म्हटलं त्याले, उतर."

सूप थांबलं.

"तुनं म्हटलं?"

"हो. घाबरलो मी. मायाच तोंडातून निंगालं."

"अन् तो उतरला?"

"लगेच."

"काहून म्हणून नाही विचारलं?"

"नाही काकू."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या, चपलेनं मारलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी डाळीतला एक खडा उचलला आणि बराच वेळ बोटांत धरून ठेवला.

"जलमभर कोनाचं ऐकलं नाही पोट्ट्यानं," शेवटी त्या म्हणाल्या, आणि आता त्यांना रडू आलं. "मंग तुयंच कसं ऐकलं रे?"

मला उत्तर माहीत होतं, पण त्यांना सांगता आलं नाही. आठ वर्षांत मी त्याला एकदाही चुकीचं सांगितलं नव्हतं.