नाव न घेता

शिंपीणबाईंनी पँटची शिवण उसवायला ब्लेड उचललं, तेवढ्यात चर्चचे पाळकसाहेब दुकानाची पायरी चढले. पडद्यामागे लेक काजं करत बसली होती. तिची सुई थांबली.

“सात महिने झाले, ताई,” पाळकसाहेब स्टुलावर टेकत म्हणाले. “उपासनेला ना तुम्ही, ना लेक. कुणी काही बोललं का?”

“तुम्हीच बोललात की.”

पाळकसाहेब चाटच पडले. आज आलेच आहेत तर होऊनच जाऊ दे, असं बाईंच्या मनानं घेतलं.

“नवऱ्याचा मार खाऊन माझी लेक घरी आली, ते मी तुम्हाला एकट्याला सांगितलं होतं. सल्ला हवा होता म्हणून. तुम्ही पुढच्याच रविवारी प्रार्थनेत सांगून मोकळे!”

“पण ताई, नाव कुठं घेतलं मी?”

“‘मार खाऊन माहेरी आलेली आपली एक लेक’ म्हणालात. एवढीशी आपली मंडळी, अशा काय दहा जणी होत्या तिथं? आमेनच्या आधीच माना वळल्या. बाहेर आल्यावर एकीनं तर तिची बाही वर करून बघितली, वळ कुठं आहेत म्हणून!”

पाळकसाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी हात जोडले.

“चुकलं माझं. प्रेमापोटीच केलं हो, पण चुकलं. परत नाही होणार.”

त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. बाईंना केवढं हलकं वाटलं! आढेवेढे न घेता चूक कबूल करणारी माणसं असतात किती? लेकीला तयार करताना मात्र नाकी नऊ आले.

“ते रडले म्हणून मी जायचं?”

“माझ्यासाठी चल,” बाई म्हणाल्या. रविवारी मशीन चालवताना गीतं ओठांवर यायची आणि त्यांना भरून यायचं, हे लेकीलाही ठाऊक होतं. तिनं कपाटातून लांब बाह्यांचा ड्रेस काढला.

रविवारी चर्चमध्ये दोघी शेवटच्या बाकावर बसल्या. त्यांना बघून पाळकसाहेबांचा चेहरा फुलला. प्रार्थनेसाठी सगळ्यांनी डोळे मिटले.

“प्रभू, आज मी सगळ्या मंडळीसमोर माझी चूक कबूल करतो. एका आईचं मन मी दुखावलं. नाव घेत नाही. पण शिवणकाम करून पोट भरणारी ती भगिनी आज सात महिन्यांनी लेकीला घेऊन तुझ्या दारी...”

पुढच्या बाकावरची एक मान डोळे मिटल्यामिटल्याच मागं कलली. लेकीनं आईकडे पाहिलं. बाईंनी पर्स उचलली.

पाळकसाहेबांचा आवाज गहिवरला होता, डोळे घट्ट मिटलेले होते. चपला न वाजवता दोघी उठल्या. ‘आमेन’ त्यांना फाटकापाशी ऐकू आलं. सवयीनं बाईही म्हणणार होत्या. त्यांनी ओठ दाबून धरले आणि लेकीच्या मागोमाग चालू लागल्या.