तिसरं कानातलं

मेस्त्रींची एक बढाई सगळ्या गल्लीला पाठ होती. "हिच्या हातचा दागिना मी डोळे मिटून ओळखतो." बायको होती तेव्हा ती लगेच म्हणायची, "डोळे मिटूनच ओळखा. उघडे असतात तेव्हा समोरची मिठाची बरणी दिसत नाही तुम्हाला." ती गेली. तिच्याबरोबर टोमणा गेला, बढाई मागे राहिली आणि तिला एक शेपूट फुटलं. "तो हात गेला. आता तसं काम होणे नाही."

हे ते दूधवाल्याला ऐकवायचे, कुरियरवाल्याला ऐकवायचे, विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही ऐकवायचे. मागच्या खोलीत खिडकीशी बसून चांदीची तार वळणाऱ्या लेकीच्या कानावर ते रोज पडत होतं, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही.

लेकीला घरात बारकी म्हणत. तिशी ओलांडली तरी नाव बारकीच. आईच्या शेजारी बसून ती हे काम शिकली होती. केसाएवढी तार ओढायची, तिला पीळ द्यायचा, थेंबाच्या आकाराच्या चौकटीत तिचे वेढे बसवायचे आणि गॅसच्या ज्योतीवर झाळून पक्के करायचे. मेस्त्री कारखान्यात लेथ मशीनवर होते. निवृत्त झाल्यावर तेही या खोलीत आले. त्यांच्याकडे पॉलिशचा ड्रम होता. साबणाचं पाणी, बारीक पोलादी गोळ्या आणि त्यात दागिने टाकून तो फिरवत ठेवायचा. ड्रमची घरघर सुरू झाली की बायको म्हणायची, "तुमच्या घोरण्यापेक्षा बरा आहे."

तिची एक रीत होती. जोडी करायची तर कानातली तीन करायची. हाताचं काम, दोन कधी तंतोतंत एकसारखी उतरत नाहीत. म्हणून तीन करून शेजारी शेजारी मांडायची आणि त्यातली जी दोन सख्ख्या बहिणी वाटतील ती द्यायची. तिसरं बिस्किटाच्या डब्यात. कुणाचं एक हरवलं, की डब्यातलं तिसरं त्या बाईच्या घरी फुकट जायचं.

बारकीनं एका ऑनलाइन साइटवर दुकान टाकलं तेव्हा आईनं जोडीची किंमत सांगितली, अठराशे. बारकी म्हणाली होती, "आई, लोक तिथे दहा ठिकाणी बघतात. मशीनची तीनशेला मिळतात."

"मग मशीनची घेऊ देत. मी तीन करते, दोन देते. तिसऱ्याचे कष्ट काय माहेरहून आणू?" आणि मग ठरलेलं वाक्य, "भाव सांगितला की तोंड मिटायचं. पुढे जो बोलतो तो उतरतो."

विक्री कमी व्हायची, पण व्हायची. आणि अठराशेलाच व्हायची.

आई गेल्यावर काही महिने खोली बंद होती. मग एक दिवस बारकीनं खिडकी उघडली, स्टूल पुसलं आणि बसली. तिची स्वतःची पहिली जोडी साइटवर लागली ती अकराशेला. मेस्त्रींना हे कळायला वेळ लागला, कारण फोनवरचं बारीक लिहिलेलं ते वाचत नसत. एकदा डबी बांधताना पावती हातात आली.

"अकराशे का गं?"

"परवडतं, बाबा."

"कुणाला? घेणाऱ्याला?"

"चांदी सुटते. गॅस, डबी, कुरियर, साइटचा कट, सगळं सुटतं."

"आणि हाताचे?"

बारकीनं पक्कड खाली ठेवली नाही. वेढा घालता घालताच म्हणाली, "हाताचे आईला होते."

"म्हणजे?"

"तुम्हीच सांगता ना सगळ्यांना. तो हात गेला म्हणून. गेलेल्या हाताचे पैसे मी कसे घेऊ?"

तिला राग आला असता तर मेस्त्रींनी समजूत काढली असती. पण ती रागावली नव्हती. पाण्याला ओलं म्हणावं तसं तिनं सांगितलं होतं. त्यांना वाटलं म्हणावं, नाही गं, तुझंही तसंच होतं. पण ते पावतीची घडी घालत राहिले. सगळा जन्म लेथवर गेलेला माणूस, माप चुकलं तर चुकलं म्हणायची सवय. खरं वाटल्याशिवाय चांगलं म्हणणं त्यांना जमत नव्हतं, आणि खरं तर त्यांनी लेकीचं काम नीट हातात घेऊन कधी पाहिलंच नव्हतं. ड्रममध्ये टाकायचं, काढायचं, पुसायचं. पाहायला गेलं की हात आखडायचा.

अकराशेत घर चालत नव्हतं. हे मेस्त्रींच्या बहिणीनं न विचारता ओळखलं. बारकीची ही आत्या एका दवाखान्यात काम करायची. ती आली की आधी स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून बघायची आणि मग बोलायला बसायची.

"दादा, डाळीच्या डब्याचा तळ दिसतोय. आमच्या दवाखान्यात काउंटरवर जागा आहे. पहिल्या तारखेपासून. मी डॉक्टरांना बोललेय."

"तिला विचार."

"विचारलं. ती म्हणते बघते. बघते म्हणजे हो. तिच्या आईसारखं फटकन नाही म्हणणं हिला जमत नाही ना." आत्या बारकीकडे वळली. "दिवसभर मान मोडून तार वळायची आणि साइटवाल्यांचं घर भरायचं. सुटीच्या दिवशी कर की तुझी हौस."

हौस हा शब्द मेस्त्रींना टोचला. पण बारकी म्हणाली, "हो आत्या, तसंच करीन म्हणते." खिडकीशी ठेवलेल्या स्टुलाकडे मेस्त्रींची नजर गेली. सुटीच्या दिवशी उघडणारी खोली म्हणजे हळूहळू सायकल आणि सुटकेस ठेवायची खोली, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

त्याच आठवड्यात एका बाईंचा निरोप आला. कुठल्याशा शाळेत शिकवणाऱ्या, जुन्या गिऱ्हाईक. त्यांचं एक कानातलं हरवलं होतं. बारकीनं डबा उघडला, शोधलं, तिसरं मिळेना. मग आठवलं. या बाईंनी आधीही एक हरवलं होतं, तिसरं तेव्हाच गेलं होतं.

"कान आहेत की फाटके खिसे?" मेस्त्री म्हणाले.

बारकी हसली. बऱ्याच दिवसांनी. मग तिनं बाईंना कळवलं, उरलेलं पाठवा, त्याला जोड करून देते. दोनशे पडतील.

"दोनशे?"

"बाबा, दुरुस्तीसारखंच आहे ते."

कानातलं आलं. मेस्त्रींनीच पाकीट फोडलं. बायकोच्या हातचं. काळवंडलेलं, अडकवायचा हूक झिजलेला. त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि दुपारपर्यंत तिथेच ठेवलं. बारकी दोनदा मागायला आली, दोनदा न मागता परत गेली. तिसऱ्यांदा त्यांनी आपणहून काढून दिलं.

ती कामाला बसली. हूक झिजला होता म्हणून जुन्याला नवा लावला. आणि जोड म्हणून एक नाही, दोन केली. आईची रीत. दोन करायची, त्यातलं जे जुन्याशी बहीण लागेल ते द्यायचं. करून झाल्यावर तिनं तिन्ही एका बशीत ठेवली आणि ती चांदी आणायला बाजारात गेली. जाताना म्हणाली, "बाबा, नवी दोन ड्रममध्ये टाका. जुनं नंतर मी हातानं पुसते."

मेस्त्रींनी बशी उचलली. जुनं कानातलं काळं पडलेलं होतं. त्यांना वाटलं, हिच्या हातचं काम परत जाताना असं मळकं का जावं? लखलखीत जाऊ दे. त्यांनी तिन्ही ड्रममध्ये टाकली आणि बटण दाबलं. ड्रम घरघरायला लागला. ते खुर्चीत बसले आणि डोळे मिटले.

ड्रम थांबला, त्यांनी झाकण उघडलं, पाणी गाळलं, तिन्ही कानातली फडक्यावर घेतली. आणि मग त्यांचे हात थांबले.

तिन्ही एकसारखी चमकत होती. काळेपणा गेला होता. हूक तिन्हींचे नवे.

आधी ते नुसते बघत राहिले. मग खिडकीशी गेले, उजेडात धरली. मग डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. त्यांची खूण पक्की होती. बायकोचा शेवटचा वेढा किंचित सैल असायचा. चौकटीच्या टोकाला तार टेकवताना ती आवळायची नाही, श्वास सोडावा तशी सोडायची. अंगठ्याखाली तो वेढा लागायचा, म्हणून तर डोळे मिटून ओळखायचे. पहिलं घेतलं, सैल वेढा लागला. हेच. सुटलो. मग नुसतं खात्रीसाठी दुसरं घेतलं. त्यालाही सैल वेढा. तिसऱ्यालाही.

बारकी आली तेव्हा मेस्त्री टेबलाशी बसले होते. चेहरा उतरलेला.

"बाबा? काय झालं?"

"मी घोटाळा केला गं. तिन्ही टाकली एकदम. आता तुझ्या आईचं कुठलं ते सापडत नाही."

"अहो, त्यात काय, तुम्ही तर डोळे मिटून ओळखता."

"मिटूनही बघितलं. उघडूनही बघितलं."

बारकीनं पिशवी ठेवली आणि तिन्ही ओळीत मांडली. वाकून पाहिली, उलटी करून पाहिली, वजनकाट्यावर ठेवून पाहिली. तार एकाच जाडीची, काटा काय सांगणार. "तुम्ही ओळखता कशावरून पण?"

मेस्त्रींनी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बढाईचा मसाला कोण उघड करतं? "शेवटचा वेढा. तो ती सैल सोडायची. बघ, इथे."

बारकीनं अंगठा फिरवला. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. तिचा चेहरा विचित्र झाला. "ही तर माझी चूक आहे."

"काय?"

"मला शेवटचा वेढा आवळता येत नाही, बाबा. आवळायला गेलं की तार तुटते. किती प्रयत्न केला. मला वाटायचं आईचा पक्का असणार, माझाच सैल राहतो. म्हणून तर..."

म्हणून तर अकराशे, हे तिनं म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

मेस्त्रींनी तिन्हींवर पुन्हा एकदा अंगठा फिरवला. त्यांच्या छातीत काहीतरी मोठं वर आलं. बायकोच्या हातचं सापडत नाही याचं दुःख त्यात होतं, पण तेवढंच असतं तर त्यांना ओळखू आलं असतं. दुसरं जे होतं, ते त्यांना बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. कारखान्यात पहिल्यांदा त्यांचा भाग साहेबांनी मापून न बघता घेतला होता, त्या दिवशी असं झालं होतं.

"चूक कसली," ते खाकरून म्हणाले. "तिचीही तार तुटायची. आधी आधी. शिव्या घालायची तारेला. मग सैल सोडायला शिकली. तुला कुणी सांगितलं नाही, तू आपोआप तिथे आलीस." मग म्हणाले, "मी चुकीचं बोलत होतो सगळ्यांना. तो हात काही गेलेला नाही."

बारकीनं मान खाली घातली आणि फडक्याची घडी घालायला लागली. घडी होती तशीच होती, तरी घालत राहिली.

दोन कानातली बाईंना गेली. दोनशे नाही, नवा निरोप पाठवून तिनं एका पूर्ण कानातल्याची मजुरी सांगितली आणि बाईंनी ती दिली. पोचल्यावर त्यांनी विचारलं, यातलं आईंच्या हातचं कुठलं, त्याला मी खूण करून ठेवते. बारकीनं लिहिलं, आम्हालाही सांगता येत नाही.

उरलेलं तिसरं डब्यात गेलं.

आत्या पहिल्या तारखेच्या आधी उत्तर घ्यायला आली. डाळीचा डबा उघडून झाला, मग म्हणाली, "काय गं, सांगू ना डॉक्टरांना?"

"नाही म्हणून सांग, आत्या."

"नाही?" आत्यानं भावाकडे पाहिलं. "दादा, हिला झालंय काय?"

मेस्त्रींनी डबा आणला, तिसरं काढून बहिणीच्या तळहातावर ठेवलं. "ओळख. वहिनीचं की हिचं?"

आत्यानं चष्मा वर केला, खाली केला. "वहिनीचंच. हे बघ ना, किती सुबक."

"माहीत नाही," मेस्त्री म्हणाले. "मलाही माहीत नाही." आणि असं हसले की आत्याला वाटलं, म्हातारा ठीक नाही.

"मग किंमत काय लावणार आता? अठराशे?"

"बावीसशे," बारकी म्हणाली. "चांदी महागली आहे. आणि आईनं अठराशे लावली त्याला किती वर्षं झाली."

"कोण घेणार?"

बावीसशे लागली आणि फोन गप्प झाला. कमी किमतीच्या सवयीची गिऱ्हाइकं फिरकेनात. साइटवाल्यांचा एक निरोप आला, तुमच्यासारख्या वस्तूंची सरासरी किंमत साडेचारशे आहे, कमी केल्यास विक्री वाढेल. मेस्त्री भडकले. "आपल्यासारखी वस्तू? कुणी पाहिली यांनी? आणू देत, मांडू इथे शेजारी!"

मग एका सकाळी एका नव्या बाईंनी विचारलं, खूप आवडली आहेत, काही कमी होईल का?

बारकीनं लिहिलं, नाही.

मेस्त्री तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. "अगं, एवढंच? लिही की, आम्ही तीन करतो, दोन देतो, हाताचं काम आहे, तार केसाएवढी..."

"बाबा."

"काय?"

"तोंड मिटा."

मेस्त्रींनी तोंड मिटलं. आवाज तिचा होता, वाक्य आईचं होतं, आणि त्यांना ते नेमकं कुणी म्हटलं हे सांगता आलं नसतं. ते ड्रमपाशी जाऊन बसले. फोन टेबलावर पडून होता. तो दिवस गेला, दुसराही गेला. तिसऱ्या दिवशी चहा उकळत असताना फोन वाजला. त्या बाईंनी जोडी मागवली होती. बावीसशेला.

कुरियरवाला पाकीट न्यायला आला तेव्हा मेस्त्री दारातच उभे होते. त्यानं सवयीनं विचारलं, "काय मेस्त्री, तो हात गेला म्हणता, मग हे कुणाचं?"

"आत बसलीये," मेस्त्री म्हणाले. "हळू बोल, शेवटचा वेढा घालतेय."