खबर उजव्याची

"सात," अंबाजी म्हणाला.

डॉक्टरांचा हात कार्डावर तसाच थांबला. "अरे, अजून उलटलंही नाही मी."

लोणावळ्याच्या रेल्वे दवाखान्यात गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारा अंबाजी सांधेवाला उजवा डोळा झाकून डाव्यानं ठिपके मोजत होता. डावा दहा महिन्यांपूर्वीच गेला होता. डब्याची साखळी निसटून भुवईवर बसली. जखम भरली, डोळा वरून धडधाकट, पण दिसणं बंद. सव्वीस वर्षांच्या नोकरीत अंबाजीच्या नावावर खोटं असं एवढं एकच, आणि त्यातही निम्मा वाटा गफूरचा. हा त्याचा सांध्यावरचा जोडीदार आदल्या दिवशी तपासणी करून आला नि त्यानं कार्डांवरचे आकडे अंबाजीकडून घोकून घेतले: "पाच, तीन, सात. घाई करू नगस, अंबाजीभाऊ." पण घाई न करणं अंबाजीला जन्मात जमलं नव्हतं.

"सायेब, डोळा जित्ता हाय," टोपी हातात पिळत तो म्हणाला. "आमच्या रतननं बगितलंय. दारात बसवून आरशानं तोंडावर ऊन पाडलं. दोनी बाहुल्या बारीक झाल्या. म्हनली, अवो, हालतोय की! येईल नजर."

"ऊन दोन्ही डोळ्यांवर पडलं?"

"मंग? ऊन काय येकाच डोळ्याला वळखतंय?"

डॉक्टर हसले. त्यांनी अंबाजीच्या नाकावर पुठ्ठा उभा धरला आणि डाव्या डोळ्यावर बॅटरी मारली. दोन्ही बाहुल्या ढिम्म. मग उजव्यावर मारली. दोन्ही झटक्यात आकसल्या.

"मेंदूच्या पार आत, मधोमध, डावी-उजवी बाजू जोडणाऱ्या बारीक तारा असतात," डॉक्टर म्हणाले. "उजेडाची खबर एका डोळ्यानं दिली तरी पलीकडे पोचते, आणि दोन्ही बाहुल्या हलतात. तुझ्या बायकोनं पाहिलं ते खरंच. पण खबर सगळी उजव्याची."

"म्हंजे हुकूम ह्याला पोचतो, पर हा सोता कायबी कळवत न्हाई."

"बरोबर."

"आन् आमी दहा म्हैनं वाट बगितली."

डॉक्टरांनी टाक उचलला. "सांध्यावर ठेवता येणार नाही, अंबाजी. गाडीत माणसं असतात."

"ठावं हाय, सायेब. दर गाडीला सांधा दोन-दोनदा जाऊन बगतोय. घरी गेलो तरी वाटतं, बसला का न्हाई? जेवनावरनं उठून परत गेलतो."

त्याला फलाटावर पाणी पाजायचं काम मिळालं.

दुपारी यार्डात त्यानं झेंड्या गफूरच्या हाती दिल्या. दोन पावलं गेला, माघारी आला.

"तीन नंबरच्या सांध्याचा दांडा जड जातोय. बसला वाटला तरी पुन्यांदा बग. कंबर लावून वड, हातानं न्हाई."

गफूर नऊ वर्षं तोच दांडा ओढत होता. त्यानं झेंड्या काखेत मारल्या आणि दांड्यापासून जरा मागं सरला.

"कसा म्हनलास, भाऊ? येकदा करून दाव."